दहावीचे ध्येय सभागृहात नको, उत्तरपत्रिकेवर ठरू द्या: मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि दहावीचे वर्गशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

शाळा भरून आठवडा झाला की दहावीच्या मुलांना सभागृहात बसवले जाते. पाहुणे येतात, अधिकारी झालेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचे उदाहरण दिले जाते, फाटकावरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवून 'पुढच्या वर्षी इथे तुमचे फोटो लागले पाहिजेत' असे बजावले जाते. टाळ्या पडतात. भाषणात खोटे काहीच नसते. पण नववीला गणितात अडतीस गुण पडलेला मुलगा वर्गात परततो तेव्हा अडतीसचे साठ कसे होतात, हे त्याला तासाभरात कुणीही सांगितलेले नसते.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक वर्षे काम केले. 'होईल तेवढे कर' असे सांगण्यापेक्षा नेमके आणि जरा अवघड ध्येय दिले की काम सरस होते, हा त्यांचा निष्कर्ष आता सर्वमान्य आहे. त्याला जोडलेल्या अटी मात्र कमी लोकांना ठाऊक असतात. ते ध्येय माणसाने आपले म्हणून स्वीकारलेले असावे, आणि आपण कुठवर पोहोचलो हे त्याला अधूनमधून कळत राहावे. आपल्याकडे ध्येयाची घोषणा दणक्यात होते, अटींचे कुणी पाहत नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत त्या अटी पुऱ्या करण्यासाठी काय करता येईल, ते लिहीत आहोत.

आधी शाळेच्या ध्येयाकडे पाहू. बहुतेक शाळांचे ध्येय असते शंभर टक्के निकाल. त्याचा अर्थ प्रत्येकाला पस्तीस. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १८ गुण हाती असले की लेखी ८० पैकी सतरावर मूल पास होते. म्हणजे मुलांना नव्वदीची स्वप्ने दाखवणारी शाळा स्वतः सतराची तयारी करत असते. अंतर्गत गुणांचा आधार किती मोठा आहे हे २०१९ ला दिसले. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण त्या वर्षी नव्हते, अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. (त्या वर्षी भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हेही खरे.) म्हणून शंभर टक्के निकालाच्या फलकावरून मुलांनी किती उंच मजल मारली हे कळत नाही. काही ठिकाणी तर तो फलक लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवतात किंवा १७ नंबरचा (खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरायला सांगतात. अशा शाळेतल्या भाषणावर मुले विश्वास ठेवत नाहीत. बाकावरून कोण गायब झाले ते त्यांना ठाऊक असते.

मुलांचे ध्येय प्रत्यक्षात खाली येते ते वर्गात, चांगल्या हेतूने दिलेल्या एका सल्ल्यामुळे. गणिताच्या ४० गुणांच्या पेपरचा आराखडा आपल्याला पाठ आहे. पहिला प्रश्न आठ गुणांचा, दुसरा बारा, तिसरा नऊ, चौथा आठ आणि पाचवा तीन. चौथ्यात तीनपैकी दोन उदाहरणे, प्रत्येकी चार गुणांची. पाचव्यात दोनपैकी एक. मध्यम मुलांना आपण सांगतो, 'चौथा-पाचवा ऑप्शनला टाक, पहिल्या तीनवर लक्ष दे.' हिशेब करून पाहा. अकरा गुण सोडले की कमाल मर्यादा एकोणतीस. दोन्ही भाग (बीजगणित आणि भूमिती) मिळून अठ्ठावन्न. पहिल्या तीन प्रश्नांत चुका होणारच, त्या धरल्या तर हे मूल एकेका भागात बावीसच्या आसपास थांबते. दोन्ही मिळून चव्वेचाळीस, अंतर्गत अठरा धरून बासष्ट. तेवढीच त्याची कुवत आहे असे मग सगळे मानतात, तोही मानतो. खरे तर ती मर्यादा जुलैमध्ये आपणच आखून दिलेली असते.

चौथ्या प्रश्नाचे चार गुण सगळेच्या सगळे अवघड नसतात. दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचे बोट आणि प्रवाहाचे शाब्दिक उदाहरण घ्या. बोटीचा संथ पाण्यातला वेग आणि प्रवाहाचा वेग ही चले मानली, प्रवाहाच्या दिशेने बेरीज आणि विरुद्ध दिशेने वजाबाकी लिहिली, दिलेल्या अटींवरून दोन समीकरणे मांडली की पायऱ्यांचे गुण सुरू झाले. पुढे उकल चुकली तरी मांडलेले वाया जात नाही. भूमितीत समरूपतेचे उदाहरण असेल तर नीट आकृती, पक्ष आणि साध्य, कोणते दोन त्रिकोण, कोणती कसोटी. कोको (कोन-कोन) कसोटी लावताना दोन एकरूप कोन कारणासह लिहिले की अर्धे काम झालेले असते. मुले इथे गुण गमावतात त्याचे कारण बहुतेकदा एकच असते: कारणाचा कंस रिकामा.

तेव्हा पहिली विनंती. आठवड्यातला एक तास, शक्यतो शनिवारचा, चौथ्या-पाचव्या प्रश्नांना द्या आणि त्या तासाला सगळा वर्ग बसवा, नुसती पहिली दहा मुले नकोत. एक उदाहरण फळ्यावर लिहावे, वीस मिनिटे कुणी काही विचारायचे नाही, प्रत्येकाने जमेल तिथवर लिहायचे. नंतर पायरीनिहाय गुणदान फळ्यावर उघड करावे आणि मुलांनी आपापल्या वहीत स्वतःला गुण द्यावेत. सुरुवातीला बहुतेकांना चारपैकी एक मिळेल. ऑगस्टपर्यंत तो दोन झाला, तर ज्या मुलाला शून्याची सवय होती त्याच्या पेपरात दोन उदाहरणांचे मिळून चार गुण वाढले, तेही एकेका भागात. 'तू करू शकतोस' या वाक्याला मग त्याच्या वहीत पुरावा असतो.

विज्ञानात हेच वेगळ्या जागी घडते. तिथे भार तिसऱ्या प्रश्नावर आहे, आठपैकी पाच, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे चाळीसपैकी पंधरा. शिवाय शास्त्रीय कारणांचे चार. 'विजेच्या बल्बमध्ये कुंतलासाठी टंगस्टन वापरतात' याचे कारण लिहा म्हटले की निम्मा वर्ग 'कारण टंगस्टन उष्णता सहन करते' एवढे लिहून मोकळा होतो. टंगस्टनचा द्रवणांक खूप जास्त, ३४२२ अंश सेल्सिअस, रोधकता जास्त, त्यामुळे विद्युतधारा गेली की ते प्रखर तापते, प्रकाश देते आणि तरीही वितळत नाही: या तीन कड्या जोडल्या की दोन गुण. प्रत्येक शास्त्रीय कारणाला 'गुणधर्म, त्यामुळे काय घडते, म्हणून काय उपयोग' असा साचा लावायची सवय सहा आठवड्यांत लागते. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांत भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४, म्हणजे निम्मे गुण धड्यांच्या पाठांतराबाहेरचे आहेत. पत्र, जाहिरात, बातमी आणि निबंध हे जूनपासून लिहिता येतात. ते जानेवारीत 'उरकायचे' का ठेवतात, हे कोडे आहे. इंग्रजीबद्दल एवढेच सांगतो: उतारा पेपरातच छापलेला असतो. न वाचलेला उतारा आठवड्याला एक सोडवला तर ती भीती नोव्हेंबरपर्यंत जाते.

आता प्रत्येक मुलाचे ध्येय कसे ठरवायचे ते सांगतो. त्यासाठी नववीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका लागतात, म्हणून त्या रद्दीत घालू नका. पहिल्या आठवड्यात दोन तास द्या आणि मुलांना आपापली उत्तरपत्रिका परत द्या. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे त्यांनी चारांपैकी एक खूण करायची. गुण मांडणीत गेला, म्हणजे येत होते पण सूत्र, एकक, चिन्ह, आकृती किंवा कारण राहिले. वेळेत गेला, म्हणजे पोहोचलोच नाही किंवा प्रश्न सोडून दिला. आठवले नाही, म्हणजे केले होते पण ऐन वेळी सुचले नाही. आणि समजलेच नव्हते.

समजा गणित भाग १ मध्ये एका मुलीला ४० पैकी २१ आहेत. गेलेल्या एकोणीसपैकी सहा मांडणीत, पाच वेळेत, चार आठवले नाहीत, चार समजले नव्हते. एरवी ही मुलगी 'मला गणित येत नाही' असे म्हणते. तिच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे तिला न समजलेले गणित चार गुणांचे आहे, अकरा गुण नुसते सवयीचे आहेत. दहावीचा अभ्यासक्रम वेगळा असला तरी सवयी त्याच राहतात, म्हणूनच नववीचा पेपर कामाचा. सहामाहीपर्यंत मांडणीचे चार आणि वेळेचे तीन मिळवायचे: २८. पूर्वपरीक्षेपर्यंत आणखी पाच, त्यात मुख्यतः आठवण्याचे: ३३. भाग २ मध्येही असेच झाले तर सहासष्ट आणि अंतर्गत अठरा, एकूण चौऱ्याऐंशी. हा आकडा कुणी मंचावरून सांगितला असता तर तिला तो टोमणा वाटला असता. स्वतःच्या लाल खुणा मोजून काढलेला आकडा तिला पटतो.

चारही प्रकारांवर उपाय वेगळे आहेत, आणि घोटाळा इथेच होतो. कारण कोणतेही असो, आपण सगळ्यांना एकच औषध देतो: जादा तास. मांडणीत गुण गेले असतील तर जादा तासाने काही होत नाही. तिथे चुकांची वही लागते. वर्गसमीकरणात सी ची किंमत ऋण असताना बी वर्ग वजा चार एसी काढताना चिन्ह चुकते, ही चूक त्या मुलाच्या वहीत तीन वेळा दिसली की चौथ्या वेळी हात थांबतो. वेळेत गेले असतील तर घड्याळ लावून पूर्ण पेपर हवा. दोन तासांत चाळीस गुण म्हणजे गुणाला तीन मिनिटे. पहिल्या प्रश्नाला सतरा, दुसऱ्याला पस्तीस, तिसऱ्याला पंचवीस, चौथ्याला पंचवीस, पाचव्याला दहा, आणि उरलेली आठ मिनिटे तपासायला. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटे वाढवून देते, ती हिशेबात धरू नका, शिल्लक ठेवा. शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असल्यामुळे मुले पूर्ण पेपर सलग लिहितात ती थेट सहामाहीलाच. तोवर चार महिने गेलेले असतात.

आठवत नसेल तर पुन्हा पुन्हा वाचून भागत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारले तर वाचल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे जातात. आपल्या मुलांची फसगत नेमकी या पाच मिनिटांत होते. रात्री वाचलेले सगळे 'येतंय' असे वाटते आणि चाचणीत कोरे होते. कोऱ्या कागदावर धडा आठवून लिहायचा, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरायचे. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. इतिहास, जीवशास्त्र आणि आवर्त सारणी यांना हा उपाय फार चांगला लागू पडतो.

जे समजलेच नव्हते, तिथे मात्र गुणांचे ध्येय देऊ नका. पूर्ण नवे आणि गुंतागुंतीचे काही शिकत असताना गुणांचा आकडा समोर ठेवला तर माणूस बिचकतो आणि पाठांतराच्या आडवाटेला लागतो. त्रिकोणमिती सुरू करताना 'उंची-अंतराच्या तीन प्रकारच्या आकृत्या मला बघून काढता आल्या पाहिजेत' हे ध्येय पुरे. गुणांचा आकडा प्रकरण संपल्यावर.

पुढचा मुद्दा उत्तरपत्रिका परत देण्याचा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग शिक्षकांना पटायला जड जातो, पण उपयोगाचा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेली मुले गुणवाल्यांइतकीच राहिली, कारण आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? आपल्या वर्गात पाहा: पेपर मिळाला की मूल शेवटचे पान उलटते, शेजाऱ्याचे किती ते विचारते आणि पेपर दप्तरात जातो. म्हणून चाचणीचा पेपर आठ दिवसांच्या आत, बेरीज न लिहिता द्या. मुलांनी चुका ओळखून चुकांच्या वहीत उतरवाव्यात. गुण दुसऱ्या दिवशी सांगा.

साठ मुलांच्या पेपरांवर शेरे लिहायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः एकाच शिक्षकाकडे गणित आणि विज्ञान दोन्ही असतील तर. त्यावर खुणांची सोय आहे. सू म्हणजे सूत्र राहिले, ए म्हणजे एकक, चि म्हणजे चिन्ह, आ म्हणजे आकृती, का म्हणजे कारण, वे म्हणजे वेळ. समासात एक अक्षर लिहायला गुण लिहिण्याइतकाच वेळ लागतो. शाळेतल्या सगळ्या विषयांना त्याच खुणा ठेवल्या तर मुलांना नव्याने शिकाव्या लागत नाहीत.

याहून प्रभावी एक गोष्ट जवळजवळ मोफत मिळते आणि फार थोड्या शाळा ती वापरतात. निकालानंतर मंडळ मागणी केल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत देते. दरवर्षी काही मुले पुनर्मूल्यांकनासाठी ती घेतातच. त्यांच्या परवानगीने, नाव आणि बैठक क्रमांक झाकून, त्या प्रती नव्या वर्गाला दाखवा. नव्वदीच्या घरातली एक, साठीतली एक, शेजारीशेजारी. दोन्ही मुलांचे ज्ञान वाटते तेवढे दूर नसते. अंतर पडते ते मांडणीत, सोडलेल्या प्रश्नांत आणि शेवटच्या पानांवर. मंडळाचा परीक्षक गुण कुठे देतो आणि कुठे कापतो, हे नव्या मुलांनी जूनमध्ये डोळ्यांनी पाहिले तर अर्धी भीती तिथेच ओसरते.

टक्के कशासाठी, हेही मुलांना नेमके दिसायला हवे. फ्लेक्सवरचे ९८ टक्के पाहून साठीतल्या मुलाला आपले काही वाटत नाही. शिवाय त्या टक्क्यांत सहापैकी पाच सर्वोत्तम विषयांचा हिशेब असतो आणि खेळाचे किंवा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुणही असू शकतात, हे त्याला कुणी सांगत नाही. फ्लेक्सऐवजी सूचनाफलकावर जवळच्या तीन-चार महाविद्यालयांचे गेल्या वर्षीचे अकरावीचे कट-ऑफ लावा, शाखेनुसार आणि प्रवर्गानुसार. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत, त्यामुळे 'गावातल्या कॉलेजात कसाही प्रवेश मिळतो' हा जुना भरवसा आता धरता येत नाही. त्याच्याशेजारी जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनाचे आणि आयटीआयचे आकडे. तंत्रनिकेतनाला पात्रता ३५ टक्क्यांचीच असते, पण मागणी असलेल्या शाखेची जागा गुणवत्ता यादीवर मिळते, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. हे ऐकायला पाहुणा वक्ता नको. तंत्रनिकेतनात किंवा नर्सिंगला शिकणारी शाळेचीच मुलगी आपले वेळापत्रक आणि फीची पावती घेऊन आली तर मुले तासभर प्रश्न विचारतात.

काही मुलांच्या बाबतीत टक्क्यांना थेट पैशाचे मोल आहे आणि ते वर्गशिक्षकांनी शोधून काढायला हवे. आठवीत एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा) उत्तीर्ण झालेल्या मुलांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अकरावी-बारावीला ते चालू राहायचे तर दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. अठ्ठावन्नवर थांबलेल्या मुलाचे दोन वर्षांचे २४,००० रुपये जातात, आणि त्याला ही अट बहुतेकदा निकालानंतर कळते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती ७५ टक्क्यांपासून आहे. महाज्योती या इतर मागासवर्गीयांसाठीच्या शासकीय संस्थेच्या जेईई-नीट प्रशिक्षणालाही दहावीचे गुण पाहतात. वर्गातल्या कोणत्या मुलाला यांतले काय लागू आहे, याची यादी जूनमध्ये करा आणि त्याच्या पालकांना एकेकट्याने सांगा. पालकसभेतल्या माइकवरून नको.

गणितात पाच सर्वोत्तम विषयांच्या सवलतीचा एक तोटाही दिसतो. 'गणित तर वगळलेच जाणार' म्हणून मुले त्याचा अभ्यास पासापुरता करतात. टक्केवारीत ते खपून जाते. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या महिन्यात, भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात, त्याची किंमत चुकवावी लागते. विज्ञानाला जाऊ पाहणाऱ्यांना हे स्पष्ट सांगायला हवे.

मुलींच्या ध्येयाबद्दल भाषणे पुष्कळ होतात, पण त्यांचे जादा तास बसच्या वेळेवर ठरतात. मानव विकासची (खेड्यातल्या शाळकरी मुलींसाठीची मोफत) बस पाचला सुटत असेल आणि जादा तास साडेपाचला संपत असेल तर वाडी-वस्तीवरच्या मुली पहिल्याच आठवड्यात गळतात, आणि 'त्यांना रस नाही' असा शेरा पडतो. जादा तास सकाळी घ्या किंवा आगार व्यवस्थापकाला पत्र द्या. बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीनंतर गावात राहतात की फडावर जातात, हे सप्टेंबरमध्येच विचारायला हवे. आजीपाशी राहणाऱ्या दहावीच्या मुलीवर घरची चूल आणि धाकटी भावंडे असतात. तिचे ध्येय ठरवताना दुसऱ्या सत्रात कमी वेळ धरावा आणि अवघड प्रकरणे पहिल्या सत्रात पुढे घ्यावीत. २०२५ ला परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. दिवाळीच्या सुटीनंतर फार महिने उरत नाहीत.

ध्येय ठरवूनही हे सगळे कुठे बिघडते तेही लिहितो. सर्वांत सामान्य चूक म्हणजे आकडा टक्क्यांत ठेवणे. 'मला ८५ टक्के' यावर उद्या सकाळी काही करता येत नाही. 'भूमितीत वेळेमुळे जाणारे पाच गुण' यावर करता येते. दुसरे, ध्येयांचा तक्ता भिंतीवर लावणे. मागे पडलेले मूल त्या भिंतीकडे बघणे टाळते आणि मग ध्येय मुद्दाम खालचे लिहिते. तक्ता वहीत राहू द्या, वर्गशिक्षकांकडे त्याची प्रत. वर्गाचे 'हुशार' आणि 'डेंजर झोन' असे गट पाडून वेगळे बसवले की खालच्या गटाला चौथा-पाचवा प्रश्न पुन्हा दिसतच नाही. आणि एकदा लिहिलेले ध्येय वर्षभर न उघडणे, हा दोष तर सार्वत्रिक आहे. प्रत्येक चाचणीनंतर दहा मिनिटे, चार खुणांचा हिशेब पुन्हा. एखाद्याचा आकडा गाठला गेला तर वाढवा. सलग दोनदा हुकला तर आकडा कमी करण्याआधी खुणा बघा, बहुधा उपाय चुकीच्या प्रकारावर चाललेला असतो. 'आठवले नाही' वाले मूल महिनाभर घड्याळ लावून पेपर सोडवत बसलेले असते.

उंच ध्येय म्हणजे धमकी होता कामा नये. चाळीसवरून साठला जाणे हेही तितकेच उंच आहे, आणि ते शाळेने बोलून दाखवायला हवे. दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, श्रेणीसुधाराचीही संधी आहे, हे सगळे वर्षाच्या सुरुवातीलाच साध्या आवाजात सांगून टाका. त्याने मुले ढिली पडतात असा काहींचा समज आहे. पडायला जागा आहे हे कळलेले मूल चौथा प्रश्न उघडायला धजावते, असेच आम्हाला दिसते.

या वर्षीच्या नववीच्या उत्तरपत्रिका आधीच रद्दीत गेल्या असतील, तर पहिल्या आठवड्यात नववीच्या अभ्यासक्रमावर गणिताची ४० गुणांची चाचणी घ्या. चौथा आणि पाचवा प्रश्न धरून, पूर्ण दोन तास, मधली सुटी पुढे ढकलून. पेपर तपासताना बेरीज मागच्या पानावर, पेन्सिलीने.

आपले,
दहावीला शिकवणारे आणि मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासणारे काही शिक्षक